साठ लाख कार्डं, चारशे कोटी पक्षी

अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात पॅटक्सेंट इथे वन्यजीव संशोधन केंद्र आहे. तिथे पक्ष्यांच्या स्थलांतराची साठ लाख कार्डं जमली आहेत. १८८१ ते १९७० या काळात ती भरली गेली, बहुतेक सगळी हाताने. छोटंसं कार्ड. त्यावर पक्ष्याचं नाव, गावाचं नाव, पाहणाऱ्याचं नाव आणि वर्ष. मग मोजके रकाने : हंगामात पहिल्यांदा कधी दिसला, तेव्हा किती होते, पुन्हा कधी दिसला, रोज दिसू लागला तो कधीपासून, शेवटचा कधी दिसला. या भागात तो सर्रास आढळतो का आणि इथे वीण करतो का, हेही विचारलेलं असायचं. बास, एवढंच.

साठ लाख हा आकडा तोंडाने पटकन म्हणून होतो, म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहू. एक कार्ड वाचून संगणकात उतरवायला एक मिनिट लागतं असं धरा. रोज आठ तास, रविवार नाही की दिवाळी नाही, तरी एका माणसाला हे काम संपवायला चौतीस वर्षं लागतील. जुन्या अक्षरात एक आणि सात यांची गफलत होते, त्यामुळे प्रत्येक कार्ड किमान दोघांनी स्वतंत्रपणे उतरवायचं आणि दोन्ही मजकूर जुळले तरच ते पक्कं धरायचं, अशी इथली रीत. म्हणजे झाली अडुसष्ट वर्षं. आता उलट बाजूने बघा. नव्वद वर्षांत साठ लाख म्हणजे दर वर्षाला सहासष्ट हजार आणि दर दिवसाला एकशे ऐंशीहून जास्त कार्डं. लिहिणारी माणसं होती सुमारे तीन हजार. सरासरी काढली तर माणशी दोन हजार कार्डं येतात, आणि यातल्या कोणालाही या कामाचा मोबदला मिळत नव्हता.

याची सुरुवात एका शिक्षकाने केली. वेल्स कुक हा मिनेसोटात व्हाइट अर्थ इथे, ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीत शिकवत होता. पक्षी उत्तरेकडे नेमके कधी सरकतात हे एका गावात बसून कळणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून १८८१ च्या सुमारास त्याने मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या पक्षीप्रेमींना पत्रं पाठवून तारखा मागवायला सुरुवात केली. १८८३ साली अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांची संघटना स्थापन झाली आणि तिच्यातल्या सी. हार्ट मेरियमने हे काम देशभर नेलं. कॅनडालाही त्यात ओढलं. दीपगृहांच्या रखवालदारांकडेही त्याने माहिती मागितली, कारण रात्री उडणारे पक्षी दिव्याच्या झोताकडे खेचले जाऊन तिथे आदळतात आणि कोणत्या रात्री किती आदळले हे रखवालदाराइतकं कोणालाच ठाऊक नसतं. माहितीचा एवढा लोंढा आला की संघटनेला तो आवरेना. तिने अमेरिकन संसदेकडे हात पसरले आणि १८८५ साली कृषी खात्यात पाच हजार डॉलरची तरतूद झाली. पुढे कुक स्वतः सरकारी नोकरीत आला आणि १९१६ साली मरेपर्यंत याच तारखांमध्ये बुडून राहिला.

१९७० नंतर कार्डं येणं थांबलं. अशा संग्रहांचं एरवी काय होतं ते आपण जाणतो. जागा अडते, साहेब बदलतो आणि एक दिवस कपाटं रिकामी करण्याचा हुकूम निघतो. इथे तसं झालं नाही, कारण या कार्डांचं मोल ओळखणारी काही माणसं होती. त्यांत चँडलर रॉबिन्स या पक्षिशास्त्रज्ञाचं नाव मोठं. २००९ पासून कार्डांच्या प्रतिमा इंटरनेटवर ठेवून स्वयंसेवकांकरवी ती उतरवून घेण्याचं काम सुरू झालं आणि दहा लाखांहून अधिक कार्डं त्यातून संगणकात आली. बाकीचा डोंगर अजून उभाच आहे.

उतरवलेल्या कार्डांतून काय निघालं त्याचं एक उदाहरण देतो. लाल गळ्याचा हमिंगबर्ड हा जेमतेम तीन ग्रॅम वजनाचा पक्षी. हिवाळा मध्य अमेरिकेत काढून तो वसंतात उत्तरेला येतो आणि येताना त्यातले पुष्कळसे मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. कार्डांवरच्या १८८० ते १९६९ मधल्या आगमनाच्या तारखा २००१ ते २०१० मधल्या तारखांशी ताडून पाहिल्या, तेव्हा दिसलं की हा पक्षी आता अक्षांशानुसार साधारण ११ ते १८ दिवस आधी येऊन पोचतो. एखाद्या गावातल्या माणसाने ‘आज पहिला हमिंगबर्ड’ असं लिहून खाली तारीख घातली, तेव्हा हवामानबदल हा शब्द त्याच्या कानावरूनही गेलेला नव्हता.

याहूनही जुन्या नोंदी आहेत. इंग्लंडमध्ये नॉरफकच्या रॉबर्ट मार्शमने १७३६ साली वसंताच्या खुणा टिपायला घेतल्या : झाडांना पालवी कधी फुटली, भिंगऱ्या कधी आल्या, कुकू कधी बोलला, नाइटिंगेल कधी गायला. त्याच्यामागे मुलांनी, नातवंडांनी, पतवंडांनी ही वही चालू ठेवली ती थेट १९५८ पर्यंत. एका घराण्याने २२२ वर्षांच्या काळावर नजर ठेवली. तिकडे पानिपत व्हायचं होतं तेव्हा सुरू झालेली वही, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात असताना बंद झाली. मला ही वही पॅटक्सेंटच्या साठ लाखांइतकीच मोठी वाटते. तिथे रुंदी आहे, इथे खोली.

पण मोजणाऱ्यांच्या हातून जे निसटलं त्याचे आकडे जास्त छाती दडपणारे आहेत. उत्तर अमेरिकेतल्या पॅसेंजर पिजन या पारव्याचे थवे इतके प्रचंड असत की मोजदादीचा प्रयत्नच वेडेपणाचा ठरे. पक्षिचित्रकार ऑड्युबनने १८१३ सालची हकीकत लिहून ठेवली आहे. केंटकी राज्यात ओहायो नदीकाठच्या हेंडरसनहून लुईव्हिलकडे जाताना डोक्यावरून थव्यांमागून थवे जाऊ लागले. तो घोड्यावरून उतरला आणि दर थव्याला कागदावर एक ठिपका देऊ लागला. एकवीस मिनिटांत १६३ ठिपके झाले, तेव्हा त्याने नाद सोडला. मग त्याने अंदाज बांधला. मैलभर रुंदीचा थवा, मिनिटाला एक मैल वेगाने, तीन तास डोक्यावरून जात राहिला आणि दर चौरस यार्डात दोन पक्षी धरले, तर आकडा येतो १ अब्ज ११ कोटी ५१ लाख ३६ हजार. एका थव्याचा. त्याच्या आधी काही वर्षं पक्षिशास्त्रज्ञ अलेक्झांडर विल्सनने केंटकीतल्याच एका थव्याचा अंदाज २२३ कोटींचा केला होता.

या दोन गणितांवर कोणी हवी तेवढी शंका घ्यावी. दोघांचे आकडे निम्मे करा, चौथाई करा. तरीही सप्टेंबर १९१४ च्या पहिल्या तारखेला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची मादी मेली आणि या जातीचा शेवटचा जीव गेला, हे सत्य तसूभरही बदलत नाही. ऑड्युबनच्या ठिपक्यांपासून मार्थापर्यंत एकशे एक वर्षं. कुकने पहिली पत्रं पाठवली तेव्हा या पारव्याची अखेरची घसरण चालू होती. तो अब्जांनी होता त्या काळात तारीखवार, गाववार टिपण ठेवावं असं कोणाला वाटलं नाही, कारण जे उदंड आहे ते मोजायचं कशाला! त्यामुळे तो कुठून कुठे कधी जायचा, कोणत्या वर्षी कोणत्या जंगलातून हटला, याचे आज फक्त तुकडे हाती आहेत. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

मोजण्याची एक जुनी पद्धत मात्र अगदी चोख होती : मारून मोजायचं. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात दगडावर शिकारींचे आकडे कोरलेले आहेत. तारीख, प्रमुख पाहुणा, मारलेले पक्षी. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. एका दिवसात. त्या शिलालेखासमोर उभं राहिलं की पोटात कालवतं. पण हेही कबूल करायला हवं की त्या काळच्या भरतपुरात बदकं आणि कादंब किती दाटीने उतरत असत याचा तारीखवार लेखी पुरावा म्हणून या दगडाला मोल आहे. त्याच पाणथळीत १९६४-६५ च्या हिवाळ्यात सायबेरियन क्रौंच सुमारे दोनशे होते. २००१-०२ च्या हिवाळ्यात एक जोडी आली. त्यानंतर कोणी आलं नाही.

अमेरिकेतही नाताळच्या सुमारास गट पाडून शिकारीची चढाओढ लावायचा रिवाज होता. १९०० साली पक्षिशास्त्रज्ञ फ्रँक चॅपमनने सुचवलं की यंदा बंदूक घरी ठेवा आणि नुसतं मोजा. पहिल्या वर्षी सत्तावीस माणसं, पंचवीस ठिकाणं. हल्ली त्या नाताळगणनेत भाग घेणारे ऐंशी हजारांच्या घरात असतात.

एकेका पक्ष्याची ओळख पटवायची तर दुसरी युक्ती लागते. १८९९ साली डेन्मार्कमधल्या विबॉर्ग गावच्या हान्स मॉर्टेन्सन या शिक्षकाने १६५ स्टार्लिंग पकडून त्यांच्या पायांत अॅल्युमिनियमची कडी घातली. कड्यावर अंक आणि पत्ता. इथून पुढे ‘एक स्टार्लिंग दिसला’ याऐवजी ‘तोच स्टार्लिंग दिसला’ असं म्हणता येऊ लागलं. अमेरिकेचं कडी घालण्याचं दप्तरही पॅटक्सेंटलाच आहे आणि त्यात सहा कोटींहून अधिक पक्ष्यांची नोंद आहे. त्यांतले फार थोडे पुन्हा कोणाच्या हाती लागतात. लहान गाणाऱ्या पक्ष्यांत तर शंभरांत एकही नाही.

यातलीच एक नोंद अशी. डिसेंबर १९५६ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावर चँडलर रॉबिन्स अल्बट्रॉसच्या पायांत कडी घालत होते. त्यात एक घरट्यावर बसलेली मादी होती. ही जात पाच वर्षांची होण्याआधी वीण करत नाही, म्हणजे ती किमान तेवढ्या वयाची असणार. अॅल्युमिनियमचं कडं समुद्राच्या पाण्याने झिजतं, म्हणून ते अधूनमधून बदलावं लागतं. २००२ साली रॉबिन्स त्याच बेटावर पुन्हा गेले, अल्बट्रॉस पकडले, जुनी कडी बदलली आणि परत येऊन दप्तर उघडलं. एका कड्याचा क्रमांक त्याच्या आधीच्या कड्याशी, तो त्याच्या आधीच्याशी, असं मागे मागे जात १९५६ च्या स्वतःच्याच नोंदीपाशी येऊन थांबला. शेहेचाळीस वर्षांनी तोच माणूस, तोच पक्षी. या मादीला विझ्डम म्हणतात. २०२४ च्या अखेरीस, वयाची सत्तरी कधीच उलटलेली असताना, तिने पुन्हा अंडं घातलं. आयुष्यात ती वीस ते तीस लाख मैल उडाली असावी असा तज्ज्ञांचा हिशेब आहे, म्हणजे चंद्रावर जाऊन परत यायच्या चार ते सहा खेपा. रॉबिन्स २०१७ मध्ये अठ्ठ्याण्णव्या वर्षी गेले. मधल्या काळात कुठल्या तरी कारकुनाने एक आकडा चुकीचा उतरवला असता, तर जगातला सर्वांत वयोवृद्ध ज्ञात रानपक्षी आपल्याला ओळखताच आला नसता.

याच रॉबिन्सनी १९६६ साली आणखी एक गणना सुरू केली. साडेएकोणचाळीस किलोमीटरचा ठरलेला रस्ता, त्यावर पन्नास थांबे, दर थांब्यावर तीन मिनिटं. सूर्योदयाआधी अर्धा तास निघायचं, दिसतील आणि ऐकू येतील ते सगळे पक्षी लिहायचे आणि दरवर्षी जूनच्या आसपास तोच रस्ता, तेच थांबे. अशा हजारो रस्त्यांवरची माहिती साठत गेली. २०१९ साली प्रामुख्याने तिच्याच आधारे ५२९ जातींचा ताळेबंद मांडला गेला आणि कळलं की १९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले. जवळपास तीस टक्के. हा तोटा एका थव्याचा नव्हे, एका जातीचा नव्हे. चिमण्या, मैना, माळावरचे साधे रोजचे पक्षी थोडे थोडे करत ओसरले आणि वही नसती तर कोणाला पत्ताही लागला नसता.

आता तर माणूस झोपलेला असतानाही मोजणी चालते. पाऊस पाहण्यासाठी उभारलेल्या हवामान रडारला रात्री उडणारे पक्षीही दिसतात. अमेरिकेतल्या १४३ रडारांवरून केलेल्या अभ्यासात आढळलं की दर शरद ऋतूत कॅनडाच्या हद्दीवरून सरासरी ४०० कोटी पक्षी दक्षिणेला येतात आणि अमेरिकेच्या दक्षिण हद्दीवरून ४७० कोटी बाहेर पडतात. वसंतात दक्षिणेकडून ३५० कोटी परत येतात. या चारशे कोटींसमोर पॅटक्सेंटची सगळी कार्डं ठेवली, तर एका शरद ऋतूतल्या दर सहाशे सहासष्ट पक्ष्यांमागे एक कार्ड पडतं, आणि तेही नव्वद वर्षांच्या मेहनतीतून. पण रडारवरच्या ठिपक्याला नाव नसतं. तो कोणता पक्षी, हे सांगायला डोळे आणि वहीच लागते.

आपल्याकडचा हिशेब याच ठिकाणी येऊन भिडतो. अमेरिकेतली ती संघटना ज्या १८८३ साली निघाली त्याच साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिचं नियतकालिक १८८६ पासून निघतं आहे आणि त्याच्या जुन्या अंकांच्या पानांपानांतून ‘अमक्या जिल्ह्यात अमका पक्षी’ अशा टिपणांची रास पडली आहे. १९२७ साली धारच्या पवारांच्या मराठा संस्थानात या संस्थेची कडी पक्ष्यांच्या पायांत पडू लागली. मोठ्या प्रमाणावरचं काम मात्र एका रोगामुळे उभं राहिलं. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने आजारी पडली, आणि विषाणू रशियाकडच्या एका रोगाच्या विषाणूचा जवळचा निघाला. स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिड्यांतून तो इकडे आला असेल का, अशी शंका निघाली. ते तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालीम अलींनी पक्ष्यांना कडी घालण्याची मोहीम हाती घेतली. पक्ष्यांवरचा तो आळ काही सिद्ध झाला नाही, पण त्या निमित्ताने सुरू झालेलं काम दशकानुदशकं चाललं. सोव्हिएत संघराज्यातल्या दलदलींत कोणी बदक मारलं की पायातल्या कड्यावर मुंबईला कळवण्याची सूचना सापडे आणि पत्र निघे.

तरी आपल्या दप्तराचं जुनं टोक विरळच आहे, आणि ते किती विरळ आहे हे २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात नेमकं दिसतं. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी त्यासाठी चाळल्या गेल्या. ९४२ जातींचा विचार झाला. पण सन २००० च्या आधीच्या काळाशी तुलना करून दीर्घकाळात वाढ झाली की घट, हे सांगता आलं ते फक्त ३३८ जातींबाबत. त्यांतल्या साठ टक्के घटल्या. उरलेल्या सहाशे चार जातींचं दीर्घकाळात काय झालं, हे सांगण्याइतका पुरावा हाती नाही, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे तेव्हाच्या पुरेशा नोंदी सापडत नाहीत. ज्या ई-बर्ड या जागतिक नोंदवहीतून ही माहिती आली तिच्यात मे २०२१ मध्येच शंभर कोटी नोंदींचा टप्पा पार झाला होता. आज मोबाइलवर दिवसाला जेवढ्या नोंदी पडतात तेवढ्या पूर्वी वर्षानुवर्षांत पडत नसत. म्हणजे डोंगर वाढतो आहे तो सगळा अलीकडच्या टोकाला. आजची हजार टिपणं आणि १९७८ सालचं एक टिपण समोर ठेवलं आणि निवड करायला सांगितलं, तर मी डोळे मिटून १९७८ चं उचलीन. आजचं उद्याही लिहिता येईल. ते पुन्हा कोणाला लिहिता येणार नाही.

आणि अशी टिपणं महाराष्ट्रात आहेत, याची मला खात्री आहे. निवृत्त वनाधिकाऱ्यांच्या दैनंदिन्यांत, जीवशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या वह्यांत, गणेश विसर्जनानंतर भोरड्या कधी आल्या आणि धोबी अंगणात कधी उतरला हे दरवर्षी लिहिणाऱ्या एखाद्या आजोबांच्या पंचांगाच्या कोपऱ्यांत. माळ्यावरच्या ट्रंका आवरताना त्या रद्दीत निघतात. वही हाताला लागली तर आधी प्रत्येक पानाचा सरळ उजेडात फोटो काढावा, मग लिहिणारा हयात असेल तर त्याच्याशेजारी बसून अक्षर लावून घ्यावं, गावांची जुनी नावं विचारून घ्यावीत. ई-बर्डवर जुन्या तारखेची यादी भरता येते. त्यासाठी ‘ऐतिहासिक’ असा वेगळा प्रकार आहे. किती वेळ पाहिलं, किती चाललं हे वहीत नसलं तरी चालतं. तारीख, ठिकाण आणि पक्ष्याचं नाव एवढं पुरतं. किती होते ते लिहिलेलं नसेल, तर संख्येच्या रकान्यात ‘एक्स’ हे अक्षर टाकायचं. पक्षी होता, एवढं त्यातून कळतं.